रिग आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेनात: जुनी विंडोज परत टाकण्याआधी हे तपासा

काल रात्रीपर्यंत सगळं सुरळीत होतं. सकाळी कॉम्प्युटर अपडेट झाला, किंवा टेबलावर नवा लॅपटॉप आला, आणि रिग, म्हणजे हॅम (हौशी) रेडिओचा सेट, गप्प झाली. मग फोन येतो: "जुनी विंडोज परत टाकू का?" हा फोन मी इतक्यांदा घेतलाय आणि इतक्या जणांच्या टेबलाशी बसून हेच दुखणं काढलंय, की आता उत्तर लिहूनच ठेवतो. ओएस, म्हणजे विंडोज किंवा लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम, बदलणं या यादीत सगळ्यांत शेवटी आहे. त्यात आख्खा दिवस जातो, आणि बहुतेक वेळा मूळ बिघाड जिथल्या तिथे राहतो. काही कामांना मात्र जुनी ओएस खरोखरच लागते. ती कोणती, तेही पुढे लिहिलंय.

लक्षणं

"चालत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. आधी यातलं नेमकं कोणतं घडतंय ते बघा:

- रिगची डायल फिरवली तरी सॉफ्टवेअरमधली फ्रिक्वेन्सी हलत नाही.
- डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर पिवळा त्रिकोण आहे आणि "कोड १०" लिहून येतं.
- वॉटरफॉल, म्हणजे सॉफ्टवेअरमधला सिग्नल दाखवणारा पट्टा, पूर्ण काळा आहे.
- वॉटरफॉलवर सिग्नल भरपूर दिसतात, पण डिकोड (सिग्नलमधला मजकूर वाचणं) एकही होत नाही.
- ट्रान्समिट सुरू झालं की पोर्ट गायब होतो आणि सॉफ्टवेअर लटकतं.
- केबल लावताच किंवा कॉम्प्युटर सुरू होताच रिग आपोआप ट्रान्समिटवर जाते.
- जुना प्रोग्राम इन्स्टॉलच होत नाही.
- प्रोग्राम चालतो, पण सेटिंग टिकत नाहीत किंवा लॉग (संपर्कांची नोंद) रिकामा दिसतो.

यातली शेवटची दोन लक्षणं ओएसच्या पिढीशी खरोखर जोडलेली आहेत. पोर्टवरचा त्रिकोण अर्धवट जोडलेला आहे. बाकीची सगळी एक्सपीवरही येऊ शकतात आणि विंडोज ११ वरही.

हात लावण्याआधी दोन कामं करा. लॉगची एडीआयएफ (बहुतेक लॉगिंग प्रोग्रामना वाचता येणारी) फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवा. रिगच्या मेनूमधली कॅट (कॉम्प्युटरवरून रिग चालवण्याची सोय), बॉड रेट (डेटाचा वेग) आणि यूएसबीची पानं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तपासताना माणूस सेटिंग बदलत जातो आणि तासाभराने मूळ काय होतं ते त्यालाच आठवत नाही. ॲंटेना काढून तिच्या जागी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता पचवणारं साधन) लावा, पॉवर अगदी कमी ठेवा. रिग अचानक ट्रान्समिटवर गेली तरी बँडवर कुणाला त्रास नको.

घड्याळ

दोन मिनिटांचं काम आहे, एक पैसाही लागत नाही, म्हणून पहिलं.

एफटी८ या डिजिटल मोडचा एक फेरा १५ सेकंदांचा असतो आणि त्यातले १२.६४ सेकंद सिग्नल हवेत असतो. फेरा कधी सुरू झाला हे सॉफ्टवेअर तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळावरून ठरवतं. घड्याळ दोन-अडीच सेकंद घसरलं की सिग्नल त्या खिडकीतून निसटतो. वॉटरफॉलला घड्याळाशी देणंघेणं नसतं, म्हणून तो मात्र छान भरलेला दिसतो. "सिग्नल दिसतात, डिकोड नाही" या लक्षणाचं पहिलं कारण हेच. एफटी४ चा फेरा ७.५ सेकंदांचा, तिथे तर चूक आणखी कमी चालते.

थोडे डिकोड येत असतील तर डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) रकाना वाचा. एखाद्याच स्टेशनचा आकडा मोठा असेल तर घड्याळ त्याचं चुकलंय. सगळ्यांचेच आकडे एका बाजूला दीड सेकंदाने सरकलेले असतील तर चुकलंय तुमचं.

इथे जुन्या ओएसचा एक खरा तोटा आहे. एक्सपी आणि विंडोज ७ मूळ सेटिंगवर आठवड्यातून एकदाच वेळ जुळवतात. साध्या पीसीतलं क्वार्ट्झ दिवसाला एखादा सेकंद सहज घसरतं, मग आठवड्याअखेरीस काय होणार ते उघड आहे. एनटीपीचा (इंटरनेटवरून वेळ जुळवणारा) वेगळा प्रोग्राम टाकला की प्रश्न मिटतो. लिनक्सवर क्रोनी हे काम उत्तम करतो. इंटरनेट नसेल तिथे जीपीएस रिसीव्हर जोडून वेळ घेता येते.

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स तिथे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आहे असं धरून चालतं. एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी उडी मारते. गंमत अशी की ही उडी पूर्ण मिनिटांची असल्याने १५ सेकंदांचे फेरे तरीही बरोबर जुळतात. डिकोड येत राहतात, संपर्क होत राहतात आणि चुकतात त्या फक्त लॉगमधल्या वेळा. माझ्या ओळखीच्या एका हॅमला कित्येक महिने कन्फर्मेशन का येत नाहीत ते कळत नव्हतं. त्याने ॲंटेना बदलली, पॉवर वाढवली. कारण लॉगमध्ये होतं. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या संपर्क पडताळणाऱ्या ऑनलाइन सेवेत दोन्ही बाजूंच्या वेळेत तीस मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर संपर्क जुळवला जात नाही.

केबल आणि पोर्टचा नंबर

केबल बदलून बघा. मोबाइल चार्ज करायच्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच, आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. हब मध्ये असेल तर काढा, थेट कॉम्प्युटरला लावा.

मग पोर्टचा नंबर. यूएसबी-सीरियल चिपला स्वतःचा वेगळा सीरियल नंबर नसेल, तर केबल दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज तिला नवं यंत्र समजते आणि नवा कॉम नंबर देते. काल कॉम ५ होता तो आज कॉम ११. सॉफ्टवेअर अजून ५ चंच दार वाजवत असतं. त्यातून कित्येक जुन्या प्रोग्रामना कॉम ४ च्या किंवा कॉम ९ च्या पुढचं माहीतच नसतं, यादीतच दिसत नाही. हा "नव्या ओएसवर जुना प्रोग्राम चालत नाही" या तक्रारीतला मोठा भाग आहे, आणि उपाय एका मिनिटाचा: डिव्हाइस मॅनेजर, पोर्टचे गुणधर्म, ॲडव्हान्स्ड, आणि तिथे रिकामा असलेला छोटा नंबर निवडा. त्यानंतर ती केबल त्याच खाचेत राहू द्या. मी खाचेवर रंगीत टेप लावतो.

काही रिग एकाच केबलवर दोन पोर्ट दाखवतात. सीपी२१०५ ही चिप असलेल्या रिगमध्ये "एन्हान्स्ड" आणि "स्टँडर्ड" अशी दोन नावं दिसतील. कॅटसाठी बहुतेक ठिकाणी एन्हान्स्ड लागतो, दुसरा पीटीटी (ट्रान्समिटची कळ) आणि कीइंगसाठी (मोर्सची कळ) असतो. चुकीचा निवडला तर पोर्ट उघडतो, चूक दिसत नाही आणि रिग उत्तरही देत नाही.

बॉड रेट रिगमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच हवा. हे सांगायची गरज नसावी, पण दर वेळी सांगावं लागतं.

पोर्ट आधीच कुणी धरलाय का?

एक सीरियल पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. लॉगिंगचा प्रोग्राम मागे चालू असेल तर डिजिटल मोडच्या प्रोग्रामला पोर्ट मिळणार नाही. दोन्ही एकदम हवे असतील तर मध्ये ओम्नीरिग, एफएलरिग किंवा हॅमलिबसारखा मध्यस्थ लागतो. रिगशी तो एकटाच बोलतो आणि बाकीचे त्याच्याशी बोलतात.

लिनक्सवर नव्याने आलेल्यांना इथे तीन गोष्टी अडवतात. पहिली परवानगी: डेबियन आणि उबुंटूवर तुमचं खातं "डायलआउट" गटात नसेल तर पोर्ट दिसतो पण उघडत नाही. गटात घातल्यावर लॉगआउट करून परत या, नाहीतर बदल लागू होत नाही. दुसरी, मोडेममॅनेजर नावाची सेवा. नवा सीरियल पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का हे बघायला ती त्यावर आज्ञा पाठवते. रिगला त्या आज्ञा कळत नाहीत, पण आरटीएस आणि डीटीआर या तारांच्या हालचालीने ती ट्रान्समिटवर जाऊ शकते. मोडेम वापरत नसाल तर ही सेवा बंद करा. तिसरी, ब्रेलटीटीवाय. ही ब्रेल यंत्रांसाठीची सेवा आहे, आणि उबुंटू २२.०४ वर ती सीएच३४० चिप असलेल्या केबली ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेत असे. पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा होतो तो याच कारणाने. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका.

विंडोजवरही केबल लावताच रिग ट्रान्समिटवर जाते अशी तक्रार येते. तिथे सीरियल माउस आहे का, हे विंडोज पोर्टच्या तारा हलवून बघते. एफटीडीआय चिपच्या पोर्टच्या ॲडव्हान्स्ड पानावर "सीरियल एन्युमरेटर" ची खूण असते, ती काढा. शिवाय पीटीटी तारेवरून घेण्याऐवजी कॅटच्या आज्ञेने घ्या. मग तार हलली तरी रिगला फरक पडत नाही.

आवाज: परवानगी आणि "सुधारणा"

वॉटरफॉल काळा असेल तर रिग किंवा ड्रायव्हर उघडण्याआधी मायक्रोफोनची परवानगी बघा. रिगमधून येणारा आवाज ओएसच्या लेखी मायक्रोफोनच असतो. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोफोन बंद ठेवण्याचं बटण डेस्कटॉप प्रोग्रामनाही लागू झालं. ते बंद असेल तर प्रोग्रामला यंत्र दिसतं, निवडता येतं, चूकही येत नाही, फक्त आत शांतता असते. मॅकवरही २०१८ च्या मोहावीपासून प्रत्येक प्रोग्रामला अशी परवानगी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत "नाही" दाबलं की तो प्रोग्राम बहिरा राहतो. विंडोज ७ वर हे बटण नव्हतं. "सातवर चालायचं, दहावर नाही" याचं स्पष्टीकरण बऱ्याचदा एवढंच असतं.

मग आवाजाचे गुणधर्म उघडा. दोन्ही बाजू ४८००० हर्ट्झवर ठेवा. "एन्हान्समेंट" नावाखाली जे काही आहे ते सगळं बंद करा. गोंगाट कमी करणारी ही सोय माणसाचा आवाज स्वच्छ करण्यासाठी बनवलेली आहे, आणि तिच्या दृष्टीने एफटी८ चे बारीक सूर म्हणजेच गोंगाट. "कम्युनिकेशन्स" पानावर "काहीही करू नका" निवडा, नाहीतर विंडोजला कॉल चालू आहे असं वाटलं की ती बाकीचा आवाज खाली आणते आणि तुमची पॉवर मध्येच घसरते.

रिगचं साउंड कार्ड डीफॉल्ट ठेवू नका, विंडोजचे स्वतःचे आवाज बंद करा. मेल आल्याची घंटा बँडवर ऐकू जाणं हा परवान्याच्या जबाबदारीचा प्रश्न आहे.

फक्त ट्रान्समिटलाच बिघडतं का?

या तपासणीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, कारण ओएसवर सगळ्यांत जास्त खोटा आळ इथेच येतो.

माझ्या एका मित्राने दोन आठवड्यांत तीन वेळा ओएस बदलली. दहा, मग सात, मग लिनक्स. तिन्हींवर तेच: ट्रान्समिट झालं की चार-पाच सेकंदांत पोर्ट गायब, रिग ट्रान्समिटवरच अडकलेली. मी गेलो तेव्हा त्याला पॉवर ६० वॉटवरून २० वर आणायला सांगितली. पोर्ट टिकला. परत ६० वर नेली, गेला. कोणतीही ओएस तुमची पॉवर किती आहे हे बघून पोर्ट सोडत नाही.

होतं काय, तर ॲंटेनाची ऊर्जा कोॲक्सच्या (रिगपासून ॲंटेनापर्यंतच्या केबलीच्या) बाहेरच्या आवरणावरून घरात परत येते आणि यूएसबी केबलीवर चढते. टोकाकडून फीड केलेल्या तारेच्या ॲंटेनांत हे जास्त दिसतं, कारण तिथे परतीचा मार्ग म्हणून कोॲक्सच वापरला जातो. रिगमधली यूएसबी सहसा सेकंदाला १२ मेगाबिटने चालते, म्हणजे तिचे सिग्नल आपल्या एचएफ (शॉर्टवेव्ह) बँडांच्याच पट्ट्यात असतात. गडबड झाली की कॉम्प्युटर यंत्राशी संबंध तोडतो, आणि ओएस "यंत्र काढलं" असं जाहीर करते.

चाचणी अशी. डमी लोडवर पूर्ण पॉवर द्या. पोर्ट टिकला आणि ॲंटेनावर टिकत नसेल, तर ओएस निर्दोष आहे. ॲंटेनावर पॉवर अर्धी, मग पाव करून बघा. मग बँड बदला. एका बँडवर बिघडतं आणि दुसऱ्यावर नाही, हाही तोच पुरावा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. त्याने सुधारलं तर ऊर्जा चार्जरच्या वाटेनेही फिरतेय.

उपाय स्वस्त आहेत. यूएसबी केबल शक्य तितकी आखूड घ्या. फेराइटच्या मोठ्या रिंगमधून केबलीचे पाच-सात वेढे काढा. एचएफसाठी ३१ नंबरचं मिश्रण चांगलं. नुसता चिमटा लावून केबल एकदाच आरपार नेली तर एचएफवर फारसा उपयोग होत नाही, कारण अडथळा साधारणपणे वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोॲक्स घरात शिरतो तिथेही चोक (असेच रिंगवरचे वेढे) लावा, खरं औषध तेच आहे. मित्राच्या टेबलावर दोन रिंगांत काम झालं. पुसलेल्या डिस्कमधला जुना लॉग मात्र त्याला परत मिळाला नाही.

ड्रायव्हर

इथून पुढे थोडी जोखीम आहे.

पिवळा त्रिकोण आणि कोड १० दिसत असेल तर आधी केबलीतली चिप कोणती ते ओळखा. प्रोलिफिकच्या पीएल२३०३ कुटुंबातल्या जुन्या एचएक्सए आणि एक्सए चिप निर्मात्याने २०१२ मध्ये बंद केल्या. नवा ड्रायव्हर त्या ओळखतो आणि चालवायला नकार देतो. नकली चिपलाही तो असंच परत पाठवतो. २००८ चा ३.३.२.१०५ हा ड्रायव्हर हाताने निवडला की त्या केबली बऱ्याचदा पुन्हा चालतात, पण पुढच्या अपडेटला विंडोज नवा ड्रायव्हर परत आणून बसवते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. मी हे अनेकांना करून दिलंय. आता केबलच बदला असं सांगतो.

नकली चिपचा प्रश्न एफटीडीआयच्या बाबतीतही आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज अपडेटमधून आलेल्या त्यांच्या ड्रायव्हरने नकली चिपमधला ओळखक्रमांकच शून्य करून टाकला होता, आणि त्या केबली मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ओळखल्या जाईनात. तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. त्या आठवड्यात ज्यांनी ओएस बदलून बघितली, त्यांना काहीच फरक दिसला नसणार, कारण बदल केबलीच्या आत झाला होता.

रिगच्या निर्मात्याने "आधी ड्रायव्हर, मग केबल" असं पुस्तिकेत लिहिलं असेल तर तोच क्रम पाळा. आधी केबल लावली तर विंडोज स्वतःच्या मनाने काहीतरी बसवते. ड्रायव्हर फक्त चिप किंवा रिगच्या निर्मात्याच्या जागेवरून घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" देणाऱ्या जागांवरून घेतलेल्या गोष्टी काढायला मला मूळ बिघाडापेक्षा जास्त वेळ लागलाय.

यंत्र पाच-दहा मिनिटांच्या शांततेनंतर गायब होत असेल तर पॉवर सेटिंगमधलं यूएसबी "सिलेक्टिव्ह सस्पेंड" बंद करा. वीज वाचवायला ओएस ते झोपवते, आणि काही चिप त्या झोपेतून जाग्या होत नाहीत.

प्रोग्रामच जुना असेल तर

आता खऱ्या अर्थाने ओएसच्या पिढीचा प्रश्न.

सेटिंग टिकत नाहीत, लॉग रिकामा दिसतो: जुने प्रोग्राम आपल्या फाइली स्वतःच्याच फोल्डरमध्ये, प्रोग्राम फाइल्सच्या आत लिहितात. व्हिस्टापासून विंडोज तिथे सर्वसाधारण प्रोग्रामला लिहू देत नाही. ती गुपचूप ते लिखाण "व्हर्च्युअलस्टोअर" नावाच्या लपलेल्या फोल्डरकडे वळवते. मग तोच प्रोग्राम एकदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आणि एकदा साधा चालवला की दोन वेगळे लॉग तयार होतात. लॉग हरवला म्हणून हताश झालेल्या दोघांना मी तो त्या फोल्डरमधून काढून दिलाय. उपाय म्हणजे असा प्रोग्राम सी ड्राइव्हच्या मुळाशी वेगळं फोल्डर करून तिथे टाकायचा.

इन्स्टॉलच होत नाही: ६४ बिटची विंडोज १६ बिटचा कुठलाही प्रोग्राम चालवत नाही. कधी प्रोग्राम स्वतः ३२ बिटचा असतो, पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा निघतो. त्यावर कंपॅटिबिलिटी मोडचा काही इलाज नाही. ३२ बिटच्या विंडोज १० वर ती जुनी सोय चालू करता यायची, विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटमध्येच आहे. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्रामही बंद झाले.

डॉसचे प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये चालवून बघा. तो खरा सीरियल पोर्ट आत देऊ शकतो. एक्सपी लागत असेल तर ती व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा आणि यूएसबी-सीरियल केबल त्या मशीनला जोडा. रेडिओ सेट प्रोग्राम करायला हे पुरतं. साउंड कार्डवर चालणाऱ्या मोडसाठी पुरत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये आवाज तुटक येतो, वेळ हलते, आणि डिकोडची अवस्था वाईट होते.

तर मग जुनी की नवी?

इथपर्यंत येऊनही उत्तर मिळालं नसेल तरच हा प्रश्न खरा आहे. माझा नियम असा: तुमच्याकडची बदलता न येणारी सगळ्यांत जुनी वस्तू कोणती ते बघा. ओएस तिच्यासाठी निवडा, आणि बाकीचं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्या.

जुनी ओएस लागण्याची खरी कारणं तीनच सापडली मला. एक, जुन्या व्यावसायिक रेडिओ सेटचं डॉसमधलं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर. ते सीरियल चिपला थेट हात घालतं आणि त्यातलं काही तर प्रोसेसरच्या वेगावर मोजमाप करतं. वेगवान मशीनवर ते चुकतं, सेटमध्ये अर्धवट डेटा जाण्याचा धोका असतो. त्यासाठी मदरबोर्डवर खरा सीरियल पोर्ट असलेला संथ कॉम्प्युटर आणि खरा डॉस हवा. दोन, पॅरलल पोर्टवरून होणारं कीइंग किंवा ॲंटेना बदलणं. यूएसबीची प्रिंटर केबल इथे चालत नाही, कारण हे प्रोग्राम पोर्टच्या ३७८ या हेक्स पत्त्यावर थेट लिहितात आणि तो पत्ता यूएसबी केबलीला नसतोच. तीन, ज्याचा ६४ बिट ड्रायव्हर कधीच निघाला नाही असं इंटरफेस. ६४ बिटचं कर्नल (ओएसचा गाभा) ३२ बिटचा ड्रायव्हर आत घेत नाही, मग वरून कितीही युक्त्या करा.

यातलं एकही तुमच्याकडे नसेल तर एक्सपी किंवा सातकडे परत जाऊ नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. सुरक्षेचा मुद्दा सोडला तरी काम अडतं. एफटी८ साठीच्या डब्ल्यूएसजेटी-एक्स या प्रोग्रामच्या २ पासूनच्या आवृत्त्या एक्सपीवर चालत नाहीत. मूळ एक्सपीच्या आत टीएलएस १.२ (सुरक्षित जोडणीची पद्धत) नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबणाऱ्या प्रोग्रामना आजच्या सर्व्हरशी जोडताच येत नाही आणि लॉग वर चढत नाही.

कॉम्प्युटर धट्टाकट्टा आहे पण टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्याने विंडोज ११ घेत नाही, अशी अवस्था असेल तर मी लिनक्सचा दीर्घकालीन सपोर्टचा अवतार टाकायला सांगतो. एफटी८ ला मोठं यंत्र लागत नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्सची पुस्तिका १.५ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २०० मेगाबाइट मोकळी मेमरी एवढंच मागते. एफएलडिजी, हॅमलिब, लॉगिंग, सगळं तिथे नीट चालतं. पण तुमचं कॉन्टेस्टिंग (हॅमच्या स्पर्धा) एन१एमएम या लॉगिंग प्रोग्रामवर बसलेलं असेल तर जाऊ नका. तो विंडोजचाच प्रोग्राम आहे, आणि कॉन्टेस्टच्या रात्री नवं सॉफ्टवेअर शिकणं म्हणजे ती रात्र वाया.

जुनं मशीन ठेवायचं ठरलं तर ते नेटवर्कपासून पूर्ण तोडा. वायफाय कार्डच काढून टाका. लॉग एडीआयएफ करून पेन ड्राइव्हने हलवा. आणि आजच, चालू असतानाच, त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. त्या प्रोग्रामच्या फ्लॉपी आता कुणाकडे मिळणार नाहीत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रिगची यूएसबी दोन चांगल्या केबली आणि तीन कॉम्प्युटरांवरही दिसत नसेल, तर रिगच्या आतली चिप किंवा जोडणी गेलीय. झाकण उघडू नका, सर्व्हिस सेंटरला द्या.

रिगच्या किंवा कॉम्प्युटरच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर सगळं बंद करून प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग नीट झाल्याशिवाय पुढची एकही तपासणी करू नका. दोन यंत्रांच्या बॉडीमध्ये व्होल्टेज असताना केबल जोडली की पोर्ट जळतो, आणि त्यापेक्षा वाईटही घडू शकतं.

जुन्या रिगचं कॅट जोडताना पोर्ट आरएस-२३२ चा आहे की टीटीएलचा हे पुस्तिकेवरून नक्की होत नसेल तर केबल लावू नका. आरएस-२३२ वर तारेत उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत असू शकतात, रिगमधलं टीटीएल ५ व्होल्टांचं असतं. एकदा लावली की परत फिरता येत नाही. मोजून बघणारा माणूस शोधा.

फर्मवेअर अपडेट मध्येच अडकलं तर रिग बंद-चालू करत बसू नका. निर्मात्याच्या सर्व्हिसला आधी विचारा, कारण काही रिगमध्ये त्यातून बाहेर काढण्याची वेगळी पद्धत असते आणि चुकीच्या क्षणी वीज तोडली तर तीही हातची जाते.

आणि जुन्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक आवाज करत असेल, तर "एकदाच चालू करून लॉग काढतो" असं करू नका. प्रत्येक वेळी चालू केल्यावर आतलं हेड प्लेटवर आणखी घासत जातं. प्लग काढा, डिस्क तशीच डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या, आणि शेवटचं कधी चालू केलं होतं व तेव्हा काय ऐकू आलं ते त्याला जसंच्या तसं सांगा.